फर्कर गेडिसची व्हिस्की आणि एक कोरडी अंत्ययात्रा

स्ट्रॅथकर्न,
११ जानेवारी १८६४

प्रिय ग्रिझेलताईस,

चहाच्या डब्यात हात घालण्याआधी हे पत्र पूर्ण वाच. डब्यात चहा आहेच, पण चहाच्या पोटात करंगळीएवढ्या तीन बाटल्याही आहेत. भावोजींसमोर त्या उघडू नकोस. त्यांच्या माघारीसुद्धा जरा जपूनच उघड.

त्याचं असं झालं. माझ्या दुकानात मीठ, साबण, मेणबत्त्या, चहा आणि व्हिस्की विकली जाते. मीठ दर वेळी खारटच लागतं, त्यावरून आजवर कुणी भांडायला आलेलं नाही. व्हिस्कीचं तसं नाही. एका पिंपातली नुसता धूर, दुसऱ्यातली मिळमिळीत, तिसरी घशातून उतरताना मांजर नखं रोवत उतरावं तशी. गिऱ्हाईक म्हणतं, "फर्कर, गेल्या महिन्यातली दे." आता गेल्या महिन्यातली मी कुठून आणू? ती तर त्यानेच पिऊन संपवली!

म्हणून डोक्यात आलं की इथल्या पाण्याला जमेल असा चहा मी दोन-तीन जाती मिसळून करतोच ना, मग व्हिस्कीचं का करू नये? दर वेळी तीच चव, आणि दगडी बरणीवर माझं नाव. ताई, चाळिशी उलटली. जन्मभर लोकांनी केलेल्या वस्तू विकल्या. एक तरी गोष्ट माझी असावी असं फार वाटतं गं.

घोडं अडलंय ते नाकाशी. बाबांच्या चोरट्या भट्टीवर तू नुसत्या वासावरून सांगायचीस की जव कुणाच्या शेतातलं आणि धुरीला जाळलेलं पीट, ती काळी जळाऊ माती, कुठल्या दलदलीतली. माझं नाक तपकिरीने कधीच कामातून गेलंय. परवा मी लाकडी पिंपाऐवजी रॉकेलच्या डब्यावर वाकून "वा!" म्हणालो, ते गिऱ्हाइकांनी ऐकलं.

तेव्हा एवढं हुंगून कळव. आणि एक. एप्रिलात माझा दारूविक्रीचा परवाना पुन्हा मंजूर व्हायचाय. भावोजी मद्यत्याग मंडळाचे अध्यक्ष आहेत हे मी विसरलेलो नाही. विसरावं म्हटलं तरी जमत नाही.

तुझा,
फर्कर

*

ग्लेनमोरक, पाद्रीनिवास
२० जानेवारी

फर्कर,

तुला लाज कशी वाटत नाही? सगळ्या मंडळींसमोर उभी राहून मी शपथ घेतली आहे की मद्य ओठांना लावणार नाही. तू तुझ्या सख्ख्या बहिणीला, पाद्र्याच्या बायकोला, चहात लपवून व्हिस्की पाठवतोस!

शपथ मी पुन्हा काढून वाचली. त्यात नाकाचा उल्लेख नाही.

पहिली बाटली म्हणजे शेकोटीपाशी वाळत घातलेला ओला मोजा. दुसरी चांगली आहे, घरंदाज आहे, पण बोलत नाही. तिसरी गोड आहे आणि आपण गोड आहोत हे तिला ठाऊक आहे, तिला फार लाडावू नकोस. दुसरीचे चार भाग घे, तिसरीचे दोन, आणि मोज्याचा अगदी अर्धा. मोजा पूर्ण वगळलास तर मजा जाईल. नंतर लगेच बरणीत भरू नकोस, महिनाभर एकत्र नांदू दे. नवरा-बायकोलाही तेवढा वेळ लागतो.

आता वाईट बातमी. आमचे हे एप्रिलात परवाना मंडळापुढे साक्षीला उभे राहणार आहेत. जिल्ह्यातल्या सगळ्या वाण्यांचे परवाने रद्द करा म्हणणार, आणि सुरुवात मेहुण्यापासून करणार, म्हणजे पक्षपाताचा आरोप नको. यांचं तुला माहीतच आहे. हा माणूस खोटं बोलू शकत नाही. लग्नाच्या दिवशी मी विचारलं, "टोपी कशी दिसते?" तर म्हणाले, "अंड्यावर बसलेली कोंबडी." चर्चच्या दारात, फर्कर! त्यांच्या साक्षीवर मॅजिस्ट्रेट डोळे मिटून विश्वास ठेवतात.

ग्रिझेल

ता. क. रिकाम्या बाटल्या परत पाठवत नाही. भरलेल्या पाठव.

*

स्ट्रॅथकर्न,
२ फेब्रुवारी

ताई गं ताई!

महिनाभर थांबवेना. आठवडाभरच थांबलो आणि थोडी चाखायला दिली. डॉक्टरांची विधवा सासू, जी माझ्या दुकानात फक्त टाचण्या घ्यायची, ती म्हणाली, "गेडिस, हे काय आहे?" मी म्हटलं, "मिश्रण." तर म्हणाली, "माझ्या गुडघ्यांना द्यायचंय." गुडघ्यांनी तीन दिवसांत एक बरणी संपवली. स्टेशनजवळच्या खाणावळीचा मालकही विचारून गेला. अजून सुधारायला हवं म्हणून आणखी पाच बाटल्या पाठवतोय, या वेळी ओटच्या पिठात.

पण परवान्याचं ऐकून मी पिंपं मोजत बसलो. ताई, दुकानाची मागची खोली पिंपांनी भरली आहे. परवाना गेला तर ती पिंपं ओतायची कुठे, स्पे नदीत? माशांचं भलं होईल, माझं काय? आणि नुसत्या पिंपांचं नाही. रंगाऱ्याकडून पाटी रंगवून आणली आहे, "गेडिस आणि मुलगे". जेसी म्हणते, आपल्याला मुलगा एकच आहे आणि त्याला अजून दात येतायत, हे 'मुलगे' कुठून आले? मी म्हटलं, पाटी पुढचं बघून रंगवायची असते. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

तू भावोजींना समजाव. सोबत एक डुकराची तंगडी पाठवतोय, मिठात मुरवलेली. लाच नाही. प्रेम आहे.

फर्कर

*

ग्लेनमोरक,
११ फेब्रुवारी

प्रिय फर्कर,

प्रेम आम्ही तीन दिवस खाल्लं. फार चांगलं मुरलं होतं. हे म्हणाले, "तुझ्या भावाला माझे आभार कळव आणि सांग की माझी साक्ष तीच राहील." मी काय करू? पालथ्या घड्यावर पाणी.

पाच बाटल्यांपैकी गळ्याला हिरवा दोरा बांधलेली ठेव. तिला थोडा समुद्राचा वास आहे, तो मोज्याच्या जागी घे. मोज्याला निरोप दे. मी चादरींच्या कपाटात डोकं घालून हुंगत होते तेवढ्यात हे मागे उभे. "काय करतेस?" मी म्हटलं, "नाकाला बरं वाटतं." हे खरंच होतं, आणि खरं म्हटलं की हे पुढे विचारत नाहीत.

आता पुढचं ऐक. गिरणीवाला मुंगो शॉ काल गेला. आणि आमच्या ह्यांनी ठरवलंय की त्याची अंत्ययात्रा कोरडी काढायची. एक थेंब नाही! चहा आणि मनुका घातलेला पाव. म्हणतात, या दरीत दारूशिवाय माणूस पुरला जाऊ शकतो हे एकदा दाखवून दिलं की परवाना मंडळाला दुसरा पुरावा नको. मुंगोची बायको हो म्हणाली, ती आता कशालाही हो म्हणेल बिचारी. पण बाकी दरी तोंड फुगवून बसली आहे. शॉ लोकांची दफनभूमी तुमच्या स्ट्रॅथकर्नच्या वेशीवर, मधे डोंगराची सगळी चढण, आणि खांदेकऱ्यांच्या पोटात काय, तर चहा.

मंगळवारी निघणार.

ग्रिझेल

*

स्ट्रॅथकर्न,
१३ फेब्रुवारी

ताई,

मुंगो माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक! त्याला चहावर पोचवायचा? त्याने जिवंतपणी कधी चहाला हात लावला नाही, तो मेल्यावर विरोध करू शकत नाही म्हणून हे चाललंय.

बाबांचं आठवतं का? सगळी मंडळी पुलापाशी थांबली, घोट घोट घेतला, पुन्हा निघाली, वाटेत पुन्हा थांबली, आणि दफनभूमीत पोचून बघतात तो बाबा नाहीत! शवपेटी पुलापाशीच राहिलेली. मग अर्धे परत गेले, आणि आणायला गेले ते तिथे पुन्हा थांबले. काळोख पडता पडता बाबा आले. पण त्या दिवशी कुणी कुणाला वाकडा शब्द बोलला नाही, इतकं मला आठवतंय.

माझा गुडघा धरलाय, मला डोंगर चढता येणार नाही. भावोजींचा हा बेत सुरळीत पार पडला तर माझं दुकान संपलं, हे मला स्वच्छ दिसतंय. आणि मुंगोच्या अंत्ययात्रेत विघ्न यावं अशी प्रार्थना तरी कशी करू? करतोय, पण हळू आवाजात.

फर्कर

*

स्ट्रॅथकर्न,
१७ फेब्रुवारी

ताई, काल तिकडे काय झालं ते मला ताबडतोब कळव! इकडचं मी सांगतो.

दुपार कलली होती, बाहेर बर्फ सुरू झालेला, दुकानात बायका साबण घेत होत्या. दार उघडलं आणि भावोजी आत आले. टोपीवर बर्फ, नाक लाल, हातात बायबल. मला वाटलं, आता इथेच उभं राहून मला शाप देणार. बायका भिंतीला चिकटल्या. भावोजी गल्ल्यापाशी आले आणि व्यासपीठावरच्या आवाजात म्हणाले, "फर्कर, अठरा माणसांनी एक शवपेटी उचलावी म्हणून किती व्हिस्की लागते?"

मी म्हटलं, "माणसं कुठली आहेत त्यावर आहे, भावोजी."

"ग्लेनमोरकची."

"मग दोन बरण्या."

म्हणाले, "दे. पैसे रोख देणार. उपकार नकोत." मी हिरव्या दोऱ्याचं मिश्रण दिलं, आपलं सगळ्यात चांगलं. मी म्हटलं, घोडागाडीवाल्याला पाठवतो, तर म्हणाले, "नाही. मीच घेऊन जाणार. माझं मलाच वाहू दे." आणि झग्याखाली दोन्ही बगलांत एकेक बरणी घेऊन डोंगर चढायला लागले! बायका साबण विसरून दारात. मद्यत्याग मंडळाचा अध्यक्ष, ताई!

दिवस मावळायच्या आत मंडळी खाली आली. मुंगो खांद्यावर, सगळे एका सुरात स्तोत्र म्हणतायत, आणि शॉ घराण्याचा इयन नि त्याचा जन्माचा वैरी रॉरी ग्रांट गळ्यात गळा घालून पेटीचं एकच टोक धरून चाललेत. मुंगोला इतक्या प्रेमाने पुरला की बघणाऱ्याचा ऊर भरून यावा. भावोजी मागे होते, एकटे. मी "काय झालं?" विचारलं तर त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा बघून मी आनंदात नाही, उलट भीतीने मेलोय. माझ्यामुळे त्यांची मान खाली गेली असेल तर एप्रिलात ते मला सोडतील का?

फर्कर

*

ग्लेनमोरक,
२१ फेब्रुवारी

प्रिय फर्कर,

घरी आल्यावर ह्यांनी मोजे काढले आणि सगळं सांगितलं. मी विचारलं होतं ना, मग सांगावंच लागलं त्यांना.

चहा झाला, पाव झाला, प्रार्थना झाली, निघाले. पहिला मैलभर कुणी बोलेना. मग खांदा बदलायची वेळ आली. आपल्या रीतीप्रमाणे आठ जण बाजूला होतात, दुसरे आठ पुढे येतात, आणि नेहमी त्या वेळी घोट फिरतो. या वेळी घोट नव्हता. तर रॉरी ग्रांट म्हणाला, "मी इयनच्या शेजारी खांदा देणार नाही. याच्या बापाने आमचा हद्दीचा दगड सरकवला होता." दगड सरकला तेव्हा रॉरी पाळण्यात होता! तिकडून इयन म्हणाला, "आणि तुमचा मेंढा आमच्या मेंढ्यांत कुणी सोडला?" मग कुणाला आठवलं की मुंगो गिरणीत माप मारायचा. मुंगोच्या भाच्याला आठवलं की हे बोलणाऱ्याने भाच्याच्या बहिणीला लग्नाचं वचन देऊन अ‍ॅबर्डीनची बायको केली. एकेकाच्या पोटातलं वीस-वीस वर्षांचं बाहेर पडायला लागलं. शेवटी डोंगरमाथ्यावरच्या दगडांच्या ढिगापाशी त्यांनी पेटी खाली ठेवली. शॉच्या बाजूचे ढिगाच्या अलीकडे बसले, बाकीचे पलीकडे. मधे मुंगो.

ह्यांनी शांतिपाठ वाचला. कुणी हललं नाही. रागावून पाहिलं. मग स्वतः पेटीचा एक कोपरा धरून उचलायला लागले. एक माणूस एका कोपऱ्यावरून पेटी कशी उचलणार? नुसतीच वाकडी झाली आणि आतून मुंगो घसरल्याचा आवाज आला. तेव्हा बर्फ सुरू झाला. हे म्हणतात, मी तिथे उभा राहिलो आणि मला कळलं की या माणसाला असाच ठेवून सगळे आपापल्या घरी जातील, आणि प्रत्येकाला वाटेल की आपलं बरोबर आहे.

मग ते तुझ्याकडे आले.

जेवताना एकच वाक्य बोलले, "ग्रिझेल, शुद्धीवरच्या माणसाची स्मरणशक्ती फार भयंकर असते." आणि सूप बाजूला सारलं. मला फार वाईट वाटलं रे. तुझं दुकान वाचावं असं मला मनापासून वाटतं, पण त्यांचं तोंड असं उतरलेलं मी पाहू शकत नाही. एप्रिलचं विचारलं तर म्हणाले, "जे खरं आहे ते सांगणार." त्यातलं कुठलं खरं, ते मला कळलं नाही.

ग्रिझेल

*

स्ट्रॅथकर्न,
४ एप्रिल

ताई,

आठवड्यावर आलं. माझी झोप उडाली आहे, भूक तेवढी उडत नाही. एक सुचवतो, रागावू नकोस. त्या दिवशी भावोजींना सर्दी होऊ शकत नाही का? थोडीशी? घसा बसेल एवढी?

फर्कर

*

ग्लेनमोरक,
६ एप्रिल

फर्कर,

नाही. ह्यांना मी लोकरीचा जाड गळपट्टा बांधून पाठवणार आहे, म्हणजे आवाज खणखणीत राहील. तुझ्या परवान्यासाठी मी माझ्या नवऱ्याचं तोंड बंद करणार नाही. कोंबडीसुद्धा मी बावीस वर्षं ऐकून घेतली आहे, कारण त्या माणसाने "ग्रिझेल, तू नसतीस तर मी कोरडा ठणठणीत राहिलो असतो" असं म्हटलं तेव्हा तेही खरंच असणार हे मला ठाऊक होतं.

जा आणि ताठ उभा राहा. शर्ट धुतलेला घाल.

ग्रिझेल

*

स्ट्रॅथकर्न,
१२ एप्रिल

ताई,

घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

मंडळाच्या मधोमध जमीनदारसाहेब, सुजलेला पाय उशीवर. भावोजी उठले. अर्धा तास बोलले. दारूने कुणाची गाय गेली, कुणाचं घर गेलं, कुणाच्या बायकोचा डोळा सुजला, नावानिशी सांगितलं. आणि ताई, त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. मी खाली मान घालून ऐकत होतो. त्यातल्या दोन-तीन घरांत माझ्याच दुकानातून बरणी गेली होती. मनात म्हटलं, फर्कर, परवाना गेला तर गेला, हा माणूस म्हणतोय ते तुला ऐकायलाच हवं होतं.

मग जमीनदारसाहेबांनी विचारलं, "पाद्रीबुवा, आणि मुंगो शॉचं काय झालं म्हणे?"

भावोजींनी गळपट्टा सैल केला. म्हणाले, "मुंगो शॉ डोंगरावर बर्फात पडून होता. माझ्या प्रार्थनेने तो हलला नाही. माझ्या चहानेही नाही."

"मग त्याला खाली कुणी आणलं?"

"खांदेकऱ्यांनी."

"आणि खांदेकऱ्यांना उठवलं कुणी?"

ताई, खोटं बोलायचीही गरज नव्हती. "देवाने" म्हणाले असते तरी कुणी हरकत घेतली नसती. ते किती वेळ उभे होते! मला ओरडून सांगावंसं वाटलं, भावोजी, राहू दे. आणि ते म्हणाले, "फर्कर गेडिसने. त्याच्या व्हिस्कीने वैरी एका पेटीखाली आले. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. मला ते आवडलेलं नाही."

परवाना मंजूर! जमीनदारसाहेब इतके हसले की उशीवरून पाय खाली आला आणि मग ओरडले. भावोजी बाहेर पडताना मला म्हणाले, "मी तुझ्या बाजूने बोललो नाही. आणि मी आत्ता नाव घेतलं त्या लायमन स्कॉटच्या घरी पुन्हा बरणी पाठवलीस तर माझ्याशी गाठ आहे." मी म्हटलं, नाही पाठवणार. आणि नाहीच पाठवणार, शपथेवर.

जेसी आता बोलते. पहिली गोष्ट बोलली ती अशी, की पाटीवर 'मुलगे' राहू दे, पण खाली 'आणि आत्या' असं लिही. तुझं मत कळव.

तुझा,
फर्कर

*

ग्लेनमोरक,
१८ एप्रिल

प्रिय फर्कर,

'आत्या' नको. पाद्र्याच्या बायकोचं नाक पाटीवर शोभत नाही. पण बाटल्या थांबवू नकोस.

आमच्या ह्यांनी मद्यत्याग मंडळाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. मंडळाने नामंजूर केला, कारण इतिवृत्त लिहायला दुसरं कुणी तयार नाही. मग मला राहवेना. ज्याने एवढ्या लोकांत स्वतःविरुद्ध खरं सांगितलं, त्याच्यापासून मी कपाटात काय लपवायचं? सांगून टाकलं, की फर्करचं मिश्रण माझ्या नाकाने ठरतं. त्यांनी सगळं सूप संपवलं. शेवटी म्हणाले, "शपथेत नाक आहे का?" मी म्हटलं, "नाही." म्हणाले, "ढिसाळ मसुदा. मीच लिहिला होता." एवढ्यावर तो विषय संपला.

आणि काल, बटाटे सोलताना, एकदम म्हणाले, "ग्रिझेल, माझी वेळ येईल तेव्हा काय होईल याचा मी विचार केला. या दरीतल्या प्रत्येक माणसाला मी कधी ना कधी तोंडावर खरं बोललो आहे. ही माणसं शुद्धीवर असली तर मला डोंगरापर्यंतच काय, या दारातूनसुद्धा बाहेर काढणार नाहीत. फर्करला लिही, एक पिंप माझ्या नावाने बाजूला ठेव म्हणावं. खांदेकऱ्यांसाठी. आत्ता नवीन आहे तर स्वस्तात पडेल."

मी खूप हसले, आणि मग एप्रन डोळ्यांना लावून परसात गेले.

तर फर्कर, पिंप मी निवडून ठेवलं आहे. हिरव्या दोऱ्याचं नव्हे, परवा पाठवलेल्या बाटल्यांतली शेवटची ज्यातून भरलीस ते. आज त्याला काही वास नाही, नुसता तिखटपणा आहे. पण लाकूड चांगलं आहे आणि आत दम आहे. हे लवकर तयार होणारं नाही, म्हणूनच घेतलं. तू ते सगळ्यात मागच्या कोपऱ्यात ठेव, त्याच्यावर नाव घाल, आणि कुणी कितीही मागितलं तरी देऊ नकोस. ते जितकं जुनं होईल तितकं मला हवं आहे.

तुझी ताई,
ग्रिझेल